विद्यार्थी व्हिसावर दक्षिण चीन: आमच्या सहलीची हकिगत

चीनमध्ये शिकायला आलेल्या किंवा येऊ घातलेल्या मराठी मुलामुलींचे मला अधूनमधून मेसेज येतात. अभ्यासाचं विचारणारे थोडे. बहुतेकांना जाणून घ्यायचं असतं ते हे, की कॅम्पस सोडून लांब कुठे चार शहरं फिरायची तर नेमकं काय लागतं आणि कुठे अडतं. म्हणून मे २०२५ मधल्या आमच्या सहलीची हकिगत तारखांसकट लिहून ठेवते आहे.

मी हांगझोऊमध्ये चिनी भाषेचा एक वर्षाचा कोर्स करते. सहल युनिव्हर्सिटीच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाने काढली होती: च्वानझोऊ, ग्वांगझोऊ, लोंगजीची भातशेती, ली नदी आणि परत. अठ्ठावीस विद्यार्थी, दोन लाओशी (इथे शिक्षकांना हीच हाक मारतात) आणि एका ट्रॅव्हल एजन्सीचा गाईड. माझं मत आधीच सांगून टाकते. भाषा मोडकीतोडकी असली तरी निभावतं, शाकाहारी असलात तरी निभावतं. पासपोर्टचा एक आकडा इकडचा तिकडे झाला की मात्र सगळं अडतं.

नोटीस २८ एप्रिलला वीचॅट ग्रुपवर आली. माणशी २,६०० युआन, म्हणजे साधारण ३१ हजार रुपये. त्यात रेल्वेची तिकिटं, दोघांत एक खोली आणि प्रवेश फी. स्थानिक बसचा खर्च युनिव्हर्सिटीचा, जेवण आपलं आपण. कागद द्यायचे होते ते असे: रजेचा अर्ज, त्यावर आधी वर्गशिक्षिकेची आणि मग कार्यालयाची सही, सुरक्षेचं हमीपत्र, विम्याची प्रत (प्रवेशाच्या वेळी वर्षाचे ८०० युआन भरून घेतात तो), आणि पासपोर्टचं पहिलं पान व रेसिडेन्स परमिटचं (इथे राहण्याच्या परवान्याचं) पान, दोन्हींचे स्वच्छ फोटो. शेवटची तारीख ७ मे. एवढी घाई कशाला, असं सगळ्यांना वाटलं. पण चिनी रेल्वेची तिकिटं गाडीच्या पंधरा दिवस आधी खुली होतात आणि आम्हाला निघायचं होतं २३ मेला. शिवाय ३१ मे ते २ जून ड्रॅगन बोट सणाची सुट्टी. त्या गर्दीच्या आत परत यायचं होतं.

इथेच काहीजणांचं घोडं अडलं. पुढच्या वर्षासाठी परमिट वाढवायचं असेल तर पासपोर्ट एक्झिट-एंट्री कार्यालयात जमा करावा लागतो आणि तो हातात यायला पंधरा कामाचे दिवसही लागू शकतात. तेवढ्या काळापुरती फोटो लावलेली पावती मिळते. पावतीवर देशांतर्गत प्रवास चालतो, पण प्रत्येक खिडकीवर ती दाखवून समजावत बसावं लागतं. माझं परमिट जुलैच्या मध्यात संपत होतं. लाओशींनी सरळ सांगितलं, "आधी फिरून ये, मग जमा कर." मी तेच केलं. तुमच्या तारखा जुळत असतील तर तुम्हीही तसंच करा.

व्हिसाचंही एक इथेच सांगते, कारण यावरून आमच्यात बरीच चर्चा झाली. एक्स-१ (लांब मुदतीच्या विद्यार्थी) व्हिसावर आलेल्यांनी देशात आल्यावर तीस दिवसांत रेसिडेन्स परमिट करून घ्यायचं असतं. ते झालं की देशाबाहेर कितीही वेळा जा-ये करता येते. एका सेमिस्टरसाठी एक्स-२ वर आलेल्यांचा व्हिसा बहुधा एकाच प्रवेशाचा असतो. ग्वांगझोऊहून हाँगकाँग अगदी जवळ, त्यामुळे "मोकळ्या दिवशी तिकडे जाऊन येऊ" अशी टूम निघाली. हाँगकाँगला जाणं म्हणजे व्हिसाच्या हिशेबात चीनच्या बाहेर जाणं. एक्स-२ वाला तिकडे गेला की परत यायला नवा व्हिसा. आणि आपल्या भारतीय पासपोर्टवाल्यांना तिथे जायच्या आधी ऑनलाइन पूर्वनोंदणी करावी लागते, ती वेगळीच. टूम तिथेच बारगळली.

आता नावाची गोष्ट. आपल्याकडे पासपोर्टवर स्वतःच्या नावाच्या रकान्यात वडिलांचं नावही असतं, आणि आडनाव वेगळ्या रकान्यात. इथे कोणी आडनाव आधी लिहितं, कोणी शेवटी, कोणी मधलं नाव गाळूनच टाकतं. रेल्वेच्या १२३०६ ॲपवर परदेशी पासपोर्टची ओळख एकदा पडताळून घ्यावी लागते. पासपोर्टचा फोटो चढवायचा आणि मंजुरीची वाट पाहायची. मी तिथे पासपोर्टच्या खालच्या दोन ओळींत नाव जसं येतं त्याच क्रमाने पूर्ण नाव घातलं, आणि पुढे बँक, अलीपे (फोनवरून पैसे द्यायचं ॲप), हॉटेल सगळीकडे तेच ठेवलं. तिकिटं एजन्सी काढणार असली तरी ही पडताळणी स्वतःच्या फोनवर करून ठेवा. तिकीट आपल्या नावावर, आपल्या नंबरवर निघालंय की नाही हे स्वतःला पाहता येतं.

याचा उपयोग काय, ते निघायच्या दिवशीच कळलं. हांगझोऊ पूर्व स्टेशन एखाद्या विमानतळाएवढं मोठं आहे. तिकीट कागदाचं नसतं, पासपोर्ट हेच तिकीट. चिनी लोक ओळखपत्र टेकवून यांत्रिक फाटकातून जातात. पासपोर्टवाल्यांनी कडेच्या माणूस बसलेल्या फाटकाकडे जायचं. आमची कझाकस्तानची मैत्रीण तिथे पोहोचली आणि मशीनवर काहीच उमटेना. एजन्सीने तिच्या पासपोर्ट नंबरात एक आकडा चुकवला होता. गाडीला चाळीस मिनिटं. काढलेल्या तिकिटावरचा नंबर बदलता येत नाही, ते रद्दच करावं लागतं. गाडी सुटायला चोवीस तासांहून कमी वेळ असेल तर वीस टक्के कापतात. (आठ दिवस आधी रद्द केलं तर काहीच नाही, मध्ये पाच आणि दहा टक्क्यांचे टप्पे.) गाईडने फोनवरून जुनं तिकीट रद्द केलं, लाओशी तिला घेऊन खिडकीकडे धावल्या आणि नवं तिकीट मिळालं ते बिनसीटचं. गंमत अशी की सेकंड क्लासचं उभ्याने जायचं तिकीटही सीटच्याच भावात मिळतं. च्वानझोऊपर्यंतचे पाच-सहा तास आम्ही तिला आळीपाळीने बसायला दिलं. कापलेले पैसे एजन्सीने भरले, पण ते लाओशींनी आवाज चढवल्यावर.

स्टेशनात शिरताना बॅगा तपासतात. डिओडरंटचे मोठे कॅन आणि सुऱ्या तिथेच राहतात. फळं कापायची लाडकी सुरी घेऊन निघू नका.

च्वानझोऊबद्दल मी आधी फारसं ऐकलं नव्हतं. फुजियानच्या किनाऱ्यावरचं हे बंदर सोंग आणि युआन राजवटींच्या काळात (दहावं ते चौदावं शतक) फार मोठं होतं, मार्को पोलोने त्याचं वर्णन झैतून या नावाने केलंय. २०२१ साली इथली २२ ठिकाणं मिळून युनेस्कोच्या यादीत गेली. अरबी व्यापाऱ्यांची १००९ सालची मशीद शहराच्या मधोमध उभी आहे. पण मी सगळ्यात जास्त वेळ काढला तो काययुआन मंदिरात. हे बौद्ध मंदिर ६८६ सालचं. पुढे दोन उंच दगडी पॅगोडे, सगळी गर्दी तिथेच फोटो काढत असते. गाईडने आम्हाला मुख्य सभामंडपाच्या मागच्या बाजूला नेलं. तिथे हिरवट करड्या दगडाचे दोन खांब आहेत, अनेक पैलूंचे, मंडपाच्या बाकीच्या खांबांशी अजिबात न जुळणारे. जवळ जाऊन पाहिलं तर एका गोल चौकटीत नरसिंह. हिरण्यकश्यपू मांडीवर आडवा, नखं पोटात.

तेराव्या शतकात इथे तमिळ व्यापाऱ्यांनी शिवमंदिर बांधलं होतं. १२८१ सालचा तमिळ आणि चिनी अशा दोन्ही भाषांतला शिलालेखही या शहरात सापडलाय. मंदिर पुढे पडलं आणि त्याचे दगड लोकांनी जिथे लागले तिथे वापरले, त्यातलेच हे खांब युआननंतरच्या मिंग राजवटीच्या काळात इथे लागले. सगळा ग्रुप माझ्याकडे वळला, "हे काय आहे?" माझं चिनी तेव्हा बाजारहाटापुरतं. "हा अर्धा सिंह, अर्धा माणूस. ना दिवस ना रात्र, ना घरात ना बाहेर..." असं करत करत मी उंबरठ्यापर्यंत कशीबशी पोहोचले. घानाचा मुलगा म्हणाला, म्हणजे त्या राजाने कराराचा मसुदा नीट वाचला नव्हता. लाओशींना हे इतकं आवडलं की परत आल्यावर मला वर्गात तीच गोष्ट चिनीत सांगायला लावली. तुम्ही कधी गेलात तर मंडपाला वळसा घाला, पुढूनच परत फिरू नका. चौथऱ्याच्या कडेलाही त्याच मंदिराच्या कोरीव शिळा बसवल्या आहेत. सागरी इतिहासाच्या संग्रहालयात आणखी कितीतरी ठेवल्या आहेत. तिथे प्रवेश फुकट आहे, पासपोर्ट मात्र जवळ हवा.

दुपारी शूनपू नावाच्या कोळ्यांच्या वस्तीत गेलो. कालवांच्या शिंपल्यांनी बांधलेल्या भिंती, आणि बायकांच्या अंबाड्याभोवती ताज्या फुलांची गोल गोल वलयं, दोन-तीन गजरे एकावर एक माळल्यासारखी. हल्ली पर्यटकांनाही तशी फुलं माळून देतात, मला ४० युआन पडले. फोटोग्राफर मागे लागतात, त्यांचे पैसे वेगळे. आधी ठरवून घ्या.

खाण्याचं एकदाच सांगते. "वो ची सू", मी शाकाहारी आहे, हे वाक्य पाठ असलं तरी पुरत नाही. भाजीत मांस नसतं, पण डुकराची चरबी, कोंबडीची पावडर किंवा शिंपल्यांचा सॉस असतो. प्रत्येक गोष्ट नाव घेऊन नको म्हणावी लागते. मी फोनवर चिनीत एक चिठ्ठीच लिहून ठेवली होती, ती थेट आचाऱ्याला दाखवायचे. बौद्ध मंदिरांच्या आसपास शुद्ध शाकाहारी खानावळी असतात, तिथे डोळे मिटून जेवा. लोंगजीच्या वाटेवरच्या गुइलिन शहरात तांदळाच्या शेवया मिळतात, त्या रस्सा आणि मांस न घालता कोरड्या मागायच्या. वरून तळलेले शेंगदाणे, आंबवलेल्या चवळीच्या शेंगा आणि मिरची आपल्या हाताने हवी तेवढी. सहा-आठ युआनमध्ये पोट भरतं. मी अंडं खाते, त्यामुळे थोडी सुटका होती. आमच्यातला लातूरचा दादा अंडंही खात नाही. त्याने हांगझोऊहून मेतकूट आणि शेंगदाण्याची चटणी बरोबर घेतली होती, आणि शेवटी ती सगळ्या ग्रुपने मिळून संपवली.

ग्वांगझोऊला दोनच रात्री. घामाने नुसता जीव जातो. चेन घराण्याचं पूर्वजमंदिर पाहिलं, मेट्रोने फिरलो, भारतीय हॉटेलात जेवलो. दादाने तिथे आठवण काढली ती कोटणिसांची. सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस आणि नागपूरचे डॉ. चोळकर ज्या भारतीय वैद्यकीय पथकात होते, ते सप्टेंबर १९३८ मध्ये हाँगकाँगमार्गे याच शहरात उतरलं होतं. पुढच्याच महिन्यात शहर जपान्यांच्या हाती गेलं. कोटणीस इथल्या थोरांना अजून ठाऊक आहेत. त्यांचं चिनी नाव, क दी-हुआ, घेतलं की टॅक्सीवाले काकासुद्धा आरशातून मागे बघतात.

पैशांचं: चिनी बँकेचं खातं असेल तर प्रश्नच नाही. नसेल तर अलीपेला भारतातलं व्हिसा किंवा मास्टरकार्ड जोडता येतं. २०० युआनच्या आतल्या खर्चावर जादा काही लागत नाही, त्याहून मोठ्या खर्चावर तीन टक्के लागतात. ओटीपी भारतीय नंबरवर येतो, म्हणून ते सिम चालू ठेवा. त्याच सिमवर रोमिंगचा डेटा घेतला तर व्हॉट्सॲपही चालतं. घरच्यांशी बोलायला हा मार्ग बरा, कारण इथलं वीचॅट भारतात २०२० पासून बंद आहे आणि तिकडचं व्हॉट्सॲप इथल्या इंटरनेटवर चालत नाही. आईला आधीच सांगून ठेवलं होतं, "फोन नाही लागला तर काळजी करू नकोस, डोंगरात असेन."

ग्वांगझोऊ दक्षिण ते गुइलिन वेगवान गाडीने तीन तासांच्या आत. पुढे लोंगजीची शेती पाहायला बसने लोंगशंग तालुक्यातल्या पिंग-आन गावी. हे च्वांग जमातीच्या लोकांचं गाव. गाडी गावाखालीच थांबते, पुढे दगडी पायऱ्या. मोठ्या बॅगा गुइलिनच्या हॉटेलात ठेवून एका रात्रीपुरतं सामान घ्या. ज्यांनी नाही ठेवल्या त्यांच्या सुटकेसी पाठीवरच्या टोपल्यांत घालून साठीच्या बायका आमच्या पुढे भराभर चढून गेल्या.

मुक्काम घरगुती लॉजमध्ये होता. आणि इथे पुन्हा पासपोर्ट. चीनमध्ये परदेशी माणूस जिथे झोपेल तिथली नोंद पोलिसांकडे व्हावी लागते. हॉटेलवाले ती करतात. कुणाच्या घरी राहिलात तर चोवीस तासांत ती नोंद तुम्ही स्वतः करायची. आमच्या मालकीणबाईंना ही नोंद फोनवरून भरायची होती. चष्मा कपाळावर, एका हातात माझा पासपोर्ट, दुसऱ्या हाताच्या बोटाने एक एक रोमन अक्षर. माझी तीन नावं पाहून त्यांनी विचारलं, "यातली तू कुठली?" मी पहिल्यावर बोट ठेवलं. "आणि हे?" वडील. "वडिलांचा पासपोर्ट कुठाय?" त्यानंतर थायलंडच्या मुलीचं आडनाव रकान्यात मावेना. शेवटी गावातला भाचा आला. त्याने व्हिसाच्या रकान्यात रेसिडेन्स परमिटचा नंबर घातला, प्रवेशाची तारीख शिक्क्यावरून शोधली आणि एकेक नाव पुढे सरकू लागलं. प्रवेशाचा शिक्का कुठल्या पानावर आहे ते आधीच पाहून ठेवा, कागदाची चिठ्ठी लावून ठेवलीत तर उत्तम. सगळं आटपायला दहा वाजले. बाईंनी तोवर बांबूच्या नळीत शिजवलेला भात पुढे ठेवला, माझ्यासाठी मांसाशिवाय वेगळी नळी.

सकाळी पाऊस. मी भोरची, त्यामुळे भाताची खाचरं मला नवी नाहीत. पण हा उतार वेगळाच आहे. तळाशी साधारण ३०० मीटरपासून वर ११०० मीटरच्या आसपासपर्यंत बांधावर बांध चढत गेलेले. युआन राजवटीत सुरुवात झाली, सतराव्या शतकात आलेल्या चिंग राजवटीपर्यंत काम चालू होतं. डोंगरमाथ्यावर जंगल राखलंय, मध्ये घरं आणि खाली शेतं. जंगलातलं पाणी चिरलेल्या बांबूच्या पन्हळींतून एका खाचरातून दुसऱ्यात उतरतं. काही खाचरं इतकी अरुंद की बैल किंवा रेडा फिरायलाही जागा नाही, तिथे चिखलणी हातानेच. एक आजोबा बांधाच्या कडेला मातीचा नवा थर पायाने थापत होते. मी बराच वेळ पाहत राहिले. आमच्याकडेही लावणीच्या आधी बांध असेच लिंपतात, नाहीतर खेकड्यांच्या बिळांतून पाणी निघून जातं. मी खेकडा कसा चालतो ते बोटांनी करून दाखवलं. त्यांनी मान डोलावली आणि स्वतःच्या बोटांनी दुसरंच काहीतरी वळवळणारं करून दाखवलं. ती ईल मासळी होती, हे लाओशींनी नंतर सांगितलं.

या पावसाने ली नदीचं गणित बिघडलं. यांगदी ते शिंगपिंग तराफ्याने जायचं ठरलं होतं. (यांना बांबूचे तराफे म्हणतात, पण असतात पीव्हीसी पाइपचे, मागे मोटर.) पाणी चढलं की फेऱ्या बंद होतात. तिकिटं ऑनलाइन काढलेली, त्यामुळे परतावा आपोआप मिळणार असं गाईड म्हणाला. आम्ही बसनेच शिंगपिंगला गेलो. वीस युआनच्या नोटेमागे जे डोंगर छापलेत ते इथलेच. नदीकाठी शंभर माणसं नोट हातात धरून उभी होती. धुक्यात निम्मे डोंगर नव्हतेच, तरी फोटो सगळ्यांनी काढले. यांगशुओ नावाचं रेल्वे स्टेशन यांगशुओ गावात नाही, ते शिंगपिंगला आहे. गावात राहत असाल तर स्टेशनसाठी तासभर हाताशी ठेवा.

२९ मेला दिवसभर गाडीत बसून रात्री हांगझोऊ. परतल्यावर चिनीत तीनशे अक्षरांचा अहवाल द्यायचा होता, तो दिला तेव्हा रजा हजेरीत धरली गेली. तराफ्याचे पैसे आठवडाभराने आले. ३ जूनला पासपोर्ट जमा केला: ४०० युआन, नवे फोटो, कॉलेजचं पत्र आणि राहण्याच्या जागेच्या नोंदीची प्रत. परत मिळाला २० जूनला.

लोंगजीला पाण्याने भरलेली खाचरं पाहायची तर मे-जून, पिवळी झालेली पाहायची तर सप्टेंबरचा शेवट. १ ऑक्टोबरपासून राष्ट्रीय सुट्टी असते (२०२५ मध्ये ती ८ तारखेपर्यंत होती), त्या आठवड्यात तिकडे फिरकू नका. २४ सप्टेंबरच्या गाडीची तिकिटं १० सप्टेंबरच्या सुमारास खुली होतात, त्याआधी १२३०६ ची पडताळणी उरकून ठेवा.